सैनिकाची पदके आणि सेवापुस्तकातील रिकाम्या जागा

१२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली असताना अमेरिकेतील सेंट लुइस शहरालगतच्या ओव्हरलँड या उपनगरात एका सरकारी इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. निवृत्त सैनिकांची सेवाविषयक कागदपत्रे सांभाळणारे ते राष्ट्रीय अभिलेख केंद्र होते. पाणी आपोआप फवारणारी यंत्रणा तेथे नव्हती. सुमारे २२ तास आग आटोक्याबाहेर होती आणि ती पूर्णपणे विझावयास चार दिवसांहून अधिक काळ लागला. या अवधीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलातील सैनिकांच्या अभिलेखांपैकी सुमारे ८० टक्के गेले. १९४७ ते १९६४ या काळात हवाई दलातून बाहेर पडलेल्यांपैकी, नावांच्या वर्णानुक्रमाने हबर्ड या आडनावापुढे येणाऱ्यांच्या फायलींचे सुमारे ७५ टक्के नुकसान झाले. या कागदांच्या दुसऱ्या प्रती काढलेल्या नव्हत्या, सूक्ष्मचित्रपट घेतलेला नव्हता आणि कोणाची फाइल तेथे होती याची सूचीसुद्धा नव्हती. काय जळाले हे सांगणारा कागदही उरला नाही. अभिलेख सांभाळणाऱ्या कोणत्याही कार्यालयाने विचारात घ्यावी अशी ही बाब आहे.

माजी सैनिकाच्या सेवापुस्तकात त्याला मिळालेल्या पदकांची नोंद नसेल तर ती दुरुस्त कशी करून घ्यावयाची, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. वरकरणी तो किरकोळ वाटेल. पदक छातीवर आहे, मग कागदावर नसले म्हणून काय बिघडले, असे विचारणारे पुष्कळ असतात. परंतु अमेरिकेत युद्धात जखमी झालेल्यास मिळणाऱ्या ‘पर्पल हार्ट’ या पदकाची नोंद असली, तर माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्याला उपचारासाठी वरचा प्राधान्यक्रम मिळतो. नोंद नसली तर मिळत नाही. सैनिकाच्या मृत्यूनंतर त्याच्या थडग्यावर काय कोरावयाचे, हेही कागद पाहूनच ठरते. म्हातारपणी नातवाने विचारले आणि आजोबांनी सांगितलेली हकीकत कागदाने नाकारली, तर त्या माणसाच्या मनाला काय वाटेल, ते कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते.

आगीला सर्व दोष देणे मात्र योग्य ठरणार नाही. पदकांच्या बहुसंख्य चुका आगीच्या कितीतरी आधी झालेल्या होत्या. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा कोणाला प्रथम घरी पाठवावयाचे यासाठी अमेरिकेच्या भूदलाने मे १९४५ मध्ये गुणांची पद्धत अमलात आणली. सेवेच्या प्रत्येक महिन्यास एक गुण, परदेशातील प्रत्येक महिन्यास आणखी एक, प्रत्येक शौर्यपदकास अथवा मोहिमेच्या ताऱ्यास पाच आणि प्रत्येक मुलामागे, तिघांपर्यंत, बारा. ८५ गुण भरले की घरची वाट मोकळी. एका पदकाची नोंद म्हणजे पाच महिन्यांच्या सेवेइतके मोल असा तो हिशेब होता. पण एकदा गुण भरले, सुटकेच्या छावणीत रांग लागली आणि कारकुनाने टंकलिखित कागद पुढे सरकवला, की तो बारकाईने वाचण्याइतका धीर कोणाजवळ असणार? घराच्या ओढीने सही होई आणि राहिलेली नोंद कायमची राहून जाई. शिवाय युद्धकाळात धातूची टंचाई असल्याने मोहिमांच्या पदकांऐवजी केवळ फिती दिल्या जात. पदके घडविण्यात आली ती युद्धानंतर, आणि तोपर्यंत फित लावणारा सैनिक शेतावर किंवा कारखान्यात परतलेला होता.

याहूनही विलक्षण प्रकार ‘ब्राँझ स्टार’ या पदकाचा. हे पदक १९४४ मध्ये सुरू झाले. पुढे १९४७ मध्ये असे धोरण ठरविण्यात आले की, युद्धकाळात प्रत्यक्ष आघाडीवर लढल्याबद्दल ज्या पायदळ सैनिकांना ‘काँबॅट इन्फंट्री बॅज’ हे चिन्ह मिळाले होते, ते सर्व या पदकास पात्र धरावेत. मात्र ते आपोआप देण्यात यावयाचे नव्हते. सैनिकाने अर्ज करावयाचा होता. सैनिक दोन वर्षांपूर्वीच घरी गेलेला, आणि नियम झाला तो राजधानीत. परिणामी असंख्य वृद्ध सैनिक आपल्याला एक शौर्यचिन्ह देय आहे हे ठाऊक नसताना जगले आणि तसेच वारले. हक्क देणारा नियम करणे आणि तो हक्क माणसाच्या दारापर्यंत पोचविणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याची नोंद राजपत्रात होते, दुसऱ्याची कोठेच होत नाही.

अशी चूक दुरुस्त होते ती दोन पायऱ्यांनी. सेवामुक्तीच्या वेळी सैनिकाला जे प्रमाणपत्र मिळते ते १९५० पासून ‘डी. डी. २१४’ या क्रमांकाने ओळखले जाते. त्यातील उणीव मूळ कागदपत्रांवरून उघड दिसत असेल, तर जुने प्रमाणपत्र न खोडता ‘डी. डी. २१५’ हे दुरुस्तिपत्र त्यास जोडले जाते. ही साधी पायरी झाली. कागदपत्रांत पुरावा सापडत नसेल किंवा कार्यालयाने नकार दिला असेल, तर सैनिकी अभिलेख दुरुस्ती मंडळाकडे दाद मागता येते. १९४६ पूर्वी एखाद्या सैनिकाचा कागद दुरुस्त करावयाचा तर अमेरिकेच्या संसदेला त्या एका माणसासाठी खासगी कायदा संमत करावा लागे! तो द्राविडी प्राणायाम बंद करून हे मंडळ नेमण्याची तरतूद झाली, आणि त्यावर गणवेशातील अधिकारी न नेमता नागरी अधिकारी नेमण्यात आले. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे. तथापि न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार मंडळाला आहे, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी केलेले अर्जही विचारात घेतले गेले आहेत.

आता मूळ फाइलच जळाली असेल तर मंडळापुढे ठेवावयाचे काय? येथे सेंट लुइसच्या कर्मचाऱ्यांनी केलेले काम पाहण्यासारखे आहे. पाण्याने भिजलेल्या फायलींवर बुरशी चढू नये म्हणून थायमॉल फवारण्यात आले. विमाने व अवकाशयाने बनविणाऱ्या एका कारखान्यातील निर्वात कोठीत ती बासने टप्प्याटप्प्याने वाळविण्यात आली. अशा रीतीने सुमारे ६५ लाख फायली, काही निव्वळ करपलेल्या कडांच्या, वाचविता आल्या. उरलेल्यांसाठी अन्य ठिकाणचे कागद धुंडाळण्यात आले. प्रत्येक तुकडीचा रोजचा हजेरी-अहवाल असे, त्यात आजारी, जखमी, बदली झालेला अशी नोंद असे. अखेरच्या वेतनाची पावती हिशेब खात्याकडे होती. पदके प्रदान केल्याचे सर्वसाधारण आदेश तुकडीच्या दप्तरात होते. यापैकी एकही कागद सैनिकाच्या स्तुतीसाठी लिहिलेला नव्हता. पगार वाटणाऱ्या लेखनिकाला आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नसेल. पण पुढे उपयोगी पडली ती त्याचीच पावती.

‘पर्पल हार्ट’च्या बाबतीत अडचण अधिक बिकट होती. जखम शत्रूच्या कारवाईमुळे झाली पाहिजे, वैद्यकीय अधिकाऱ्याने उपचार केलेले असले पाहिजेत आणि त्या उपचारांची शासकीय नोंद असली पाहिजे, अशा अटी आहेत. नोंद तर जळालेली. १९८८ मध्ये मात्र एक अनपेक्षित ठेवा हाती आला. १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या वर्षांतील लष्करी रुग्णालयांत दाखल झालेल्यांची माहिती संख्याशास्त्रीय अभ्यासासाठी पूर्वी संकेतरूपाने उतरवून ठेवली होती. तिच्या संगणकीय फिती राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या शोधात आढळल्या आणि अभिलेख केंद्राकडे आल्या. सुमारे एक कोटी नोंदी! त्यांत रुग्णाचे नाव नव्हते. होता फक्त सेवाक्रमांक. ज्याला आपला क्रमांक आठवत होता, अथवा ज्याच्या घरी तो लिहिलेला एखादा कागद होता, त्याची जखम पुन्हा सिद्ध होऊ शकली.

एक भेद स्पष्ट करावयास हवा, कारण तो न समजल्याने अनेक अर्ज फेटाळले जातात. दिलेले पदक कागदावर चढविणे वेगळे आणि कधीच न दिलेले पदक मागणे वेगळे. पहिल्यात चूक लेखनिकाची असते, दुसऱ्यात प्रश्न वरिष्ठांच्या निर्णयाचा असतो. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या एकाही कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकाला त्या काळी ‘मेडल ऑफ ऑनर’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला नव्हता. १९९३ मध्ये भूदलाने एका विद्यापीठाकडे याची चौकशी सोपविली आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना तो देण्यात आला. त्यांपैकी व्हर्नन बेकर हे एकटे हयात होते. एप्रिल १९४५ च्या पहिल्या आठवड्यात इटलीच्या पश्चिम किनाऱ्याजवळील डोंगरात त्यांनी पराक्रम केला होता. त्याच आठवड्याच्या पाठोपाठ, ९ एप्रिल १९४५ रोजी, त्याच इटलीत सेनियो नदीच्या काठी मराठा पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना वाचवून शत्रूची ठाणी उद्ध्वस्त केली. नगर जिल्ह्याच्या या सुपुत्रास व्हिक्टोरिया क्रॉस तत्कालीन रीतीप्रमाणे लवकरच मिळाला. बेकर यांना बावन्न वर्षे थांबावे लागले. ही दिरंगाई लेखनिकाची नव्हती.

महाराष्ट्रातील गावागावांत माजी सैनिक आहेत आणि त्यांच्या डिस्चार्ज बुकातही अशाच उणिवा आढळतात. १९६५ च्या युद्धाबद्दल समर सेवा स्टार व रक्षा पदक, १९७१ च्या युद्धाबद्दल पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार व संग्राम पदक ही युद्धानंतर ठरविण्यात आलेली पदके होत. तोपर्यंत सैनिकाची बदली अथवा निवृत्ती झालेली असू शकते. आपल्याकडे पायदळाच्या प्रत्येक रेजिमेंटचे स्वतंत्र अभिलेख कार्यालय असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावी येथे आहे. सैनिकाच्या सेवेतील प्रत्येक फेरबदल, मग ते लग्न असो वा बढती, ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये प्रसिद्ध होऊन अभिलेखात उतरतो. म्हणून नुसते “पदक मिळाले नाही” असे लिहून भागत नाही. कोणत्या तुकडीत, कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत होता, ते अर्जात असावे. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठविणे सोयीचे असते. कार्यालयीन मार्ग संपल्यावर, २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. परंतु तेथेही कागदच बोलतात.

या कामात ग्रामसेवक आणि शिक्षक यांचा हातभार मोठा ठरू शकतो. भरतीच्या वेळी ‘बाळू’ म्हणून लिहिलेला जवान गावच्या दप्तरात ‘बाळकृष्ण’ असतो. वीरपत्नीचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. हे दोन्ही एकाच व्यक्तीचे आहेत असा दाखला गावातूनच मिळावयाचा. वृद्ध सैनिकाजवळ बसून त्याच्या तोंडून तुकडीचे नाव, ठाण्यांची नावे, बरोबरच्या दोन-चार जवानांची नावे लिहून घेणे हे एका दुपारचे काम आहे. जे जिवंत असतील त्यांची प्रतिज्ञापत्रे वेळीच घेतलेली बरी. घरातील पत्र्याच्या ट्रंकेत जुनी पत्रे, सुट्टीचा पास, मनिऑर्डरची पावती असे काही असेल, तर ते टाकाऊ समजून चुलीत जाऊ देऊ नये.

सेवाक्रमांक कोणालाच आठवत नसेल तर आणखी एक जागा पाहण्यासारखी आहे. भारतीय सैन्याच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत उमटविलेले असते. सणासुदीला पदके घासूनपुसून ठेवण्याची ज्या घरी रीत असते, तेथे ही अक्षरे झिजून अंधूक होतात. पण तिरप्या उजेडात धरली की बहुधा वाचता येतात.