संध्याकाळच्या कबड्डीसाठी लेन्स घेताना

आम्ही विठ्ठलवाडीहून बोलतोय. कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधलं हे स्टेशन. पापड, मसाले, शिवणकाम यांवर या कार्यक्रमात पुष्कळ बोलून झालंय, म्हणून आज एका वेगळ्या धंद्याचं सांगतो. आमच्या गटातल्या बारा जणींपैकी चौघी फोटो काढायचं काम करतात. बारसं, डोहाळेजेवण, हळद, शाळेचं स्नेहसंमेलन. तुमच्यातल्याही काही गटांनी कॅमेरा घेतलाय, काही घ्यायच्या विचारात आहेत. त्यांच्यासाठी आजचं बोलणं.

दिवसाच्या कामाला अडचण नव्हती. अडचण आली ती मुलींच्या कबड्डीची. आमच्याकडे सामने सुरू होतात दिवेलागणीला, लोक कामावरून परतले की. चार खांबांवर दिवे, मध्ये मैदान, आणि चढाई करणारी पोरगी डोळ्याचं पातं लवायच्या आत रेषेवर हात टेकवून परत. तिच्या आईला तोच क्षण हवा असतो. शाळेच्या फलकावर लावायला, वर्तमानपत्रात द्यायला, घरात फ्रेम करून ठेवायला. कबड्डीत मुलींनाही नाव मिळतं हे आता घराघरात माहीत झालंय. आपल्या अभिलाषा म्हात्रे यांना २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला तो कबड्डीसाठीच. पण कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या साध्या झूम लेन्सने काढलेला फोटो एक तर काळा यायचा, नाही तर पोरीच्या हाताच्या जागी नुसता धुरकट पट्टा. आया पैसे देताना काही बोलायच्या नाहीत, पण दुसरी प्रतही मागायच्या नाहीत.

मग गटात विषय निघाला, मोठी लेन्स घेऊ या. दुकानात चौकशी केली की पहिला प्रश्न येतो, किती लांबचं हवं? आमचं म्हणणं असं की हा प्रश्नच नंतरचा आहे. पहिला प्रश्न, लेन्स किती उघडते?

नळाचं उदाहरण घ्या. पाणी अर्धाच तास येतं, हंडा तर भरायला हवा. नळ बारीक असेल तर वेळ जास्त लागतो, रुंद असेल तर झटकन भरतो. कॅमेऱ्यात पाण्याच्या जागी उजेड. नळाची रुंदी म्हणजे लेन्सचं छिद्र, त्याला ॲपर्चर म्हणतात. नळ उघडा ठेवायचा वेळ म्हणजे शटर. पळती मुलगी स्थिर दिसायला हवी तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकंच उघडं राहायला हवं. एवढ्याशा वेळात हंडा भरायचा तर नळ रुंदच लागणार.

ही रुंदी लेन्सवर एफ या अक्षरापुढच्या आकड्याने लिहिलेली असते. आकडा लहान, तर छिद्र मोठं. इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. साध्या झूम लेन्सवर बहुधा ४ ते ५.६ असे दोन आकडे असतात. म्हणजे जवळचं बघताना छिद्र मोठं, आणि लांबचं ओढून आणलं की ते बारीक होत जातं. नेमकं जिथे उजेड हवा तिथेच कमी. महागड्या लेन्सवर २.८ हा एकच आकडा असतो. ७० वर ठेवा की २०० वर, ती तेवढीच उघडते. तुम्ही पैसे मोजता ते यासाठी.

फरक किती पडतो? २०० मिलिमीटरच्या लेन्सला २.८ ने भागलं की छिद्राचा व्यास निघतो, सुमारे ७१ मिलिमीटर. ५.६ ने भागलं तर सुमारे ३६. म्हणाल, दुप्पटच की. पण पापड लाटणाऱ्या बायकांना हे सांगायला नको, पापडाचा व्यास दुप्पट केला तर पीठ दुप्पट नाही, चौपट लागतं. उजेडही चौपट आत येतो. ज्या मैदानात साधी लेन्स सेकंदाच्या १२५ व्या भागाला जेमतेम फोटो देते, तिथे ही ५०० व्या भागाला देते. पट्टा जाऊन तिथे हात दिसतो, तो या चौपटीमुळे.

काही जणी म्हणतील, कॅमेऱ्यात आयएसओ वाढवला की झालं. वाढवता येतो, आम्हीही वाढवतो. पण रेडिओ ऐकताना स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो, तेव्हा गाण्याबरोबर खरखरही वाढते. तसंच होतं. चेहऱ्यावर रांगोळी सांडल्यासारखे ठिपके येतात. तीन हजार दोनशेपर्यंत आमच्या कॅमेऱ्याला चालतं. त्यापुढे छापील फोटोत दिसून येतं.

आणखी एक गोष्ट दुकानदार फार कौतुकाने सांगतात, लेन्समध्ये हात थरथरला तरी सांभाळून घेणारी सोय आहे. असते, आणि देवळातल्या पालखीला, स्टेजवरच्या भाषणाला ती उपयोगी पडते. पण ती थांबवते तुमचा हात. चढाई करणारी पोरगी तिने थांबत नाही. एका दुकानात याच सोयीच्या जोरावर आम्हाला ३०० मिलिमीटरची, ५.६ ची लेन्स घ्यायचा आग्रह झाला. लांबचं दिसलं असतं, पण अंधारातच.

आता लांबीचं. मुलींच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. शेवटच्या रेषेमागे चार-पाच मीटरवर बसलं तर मधली रेषा दहा-अकरा मीटरवर येते. तिथून ७० ते २०० ही लेन्स पुरून उरते. बहुतेक फोटो ७० ते १३५ च्या आतच निघतात. क्रिकेटला मात्र २०० कमी पडते, सीमारेषेवरून खेळपट्टीवरचा खेळाडू एवढासा दिसतो. दहीहंडीला ती छान. ठाण्यात २०१२ साली जय जवान पथकाने नऊ थर लावले, ४३.७९ फूट, गिनीज बुकात नोंद झाली. एवढ्या उंचीवरचं पोर टिपायचं तर वीस मीटर मागे सरकून २०० वर लेन्स लावायची. वर श्रावणातलं आभाळ, खाली पाण्याचे फवारे, आणि मोठ्या हंड्या रात्रीच फुटणार. उजेडाचा प्रश्न तिथेही तोच.

रुंद छिद्राला एक किंमत मोजावी लागते, तीही सांगतो. २०० वर २.८ उघडून दहा मीटरवरच्या खेळाडूचा फोटो घेतला की स्पष्ट येणारा पट्टा असतो वीतभराहून थोडाच जास्त. डोळे स्पष्ट, पुढे केलेला हात किंचित पुसट. फोकस सतत पाठलाग करत राहील असं कॅमेऱ्यात ठेवावं लागतं, आणि लेन्सची मोटर मंद असेल तर पोरगी परत जाते आणि फोकस अजून तिच्या मागेच असतो. मैदानावरच्या दिव्यांचंही असंच एक दुखणं आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, पण लागोपाठच्या दोन फोटोंत एक पिवळा येतो, एक काळपट. त्यावर कुठलीही लेन्स इलाज करत नाही. काही कॅमेऱ्यांत हे मिणमिणणं टाळायची सोय असते, ती शोधून चालू करा.

वजनाबद्दल आम्हाला घरोघरी ऐकावं लागलं. अशा जुन्या धाटणीच्या लेन्सचं वजन दीड किलोच्या आसपास, वर कॅमेरा. बायकांना झेपेल का? अहो, कडेवर पोर आणि डोक्यावर हंडा घेताना कोणी विचारलं नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, दिल्लीत अवजड कॅमेरे घेऊन साडी नेसून सायकलवरून फिरायच्या. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळालं. एक पाय असलेला स्टँड, मोनोपॉड, मात्र घ्या. तीन तास लेन्स धरून खांदा भरून येतो, आणि दुसऱ्या दिवशी घरचं काम असतंच.

आता पैशाचं. यावरच आमच्या तीन बैठका गेल्या. नवी लेन्स लाखाच्या पुढे. गटाच्या शिलकीत एक लाख चाळीस हजार. एक काकू ठाम उभ्या राहिल्या, जूनमध्ये फी भरायची असते, पावसात कोणी ना कोणी दवाखान्यात असतं, तेव्हा तिजोरीत लेन्स घेऊन बसणार का? त्यांचं म्हणणं सगळ्यांनी मान्य केलं. ठरलं असं की अडीअडचणीसाठी ऐंशी हजार कधीही हलवायचे नाहीत. म्हणजे लेन्सला साठ हजार. लेन्सची किंमत आमच्या तिजोरीने ठरवली. तुम्हीही याच क्रमाने जा.

घेण्याआधी लेन्स दोनदा भाड्याने आणली, दिवसाला बाराशे रुपये आणि ओळखपत्राची कागदं. दोन संध्याकाळी कबड्डीचे फोटो काढले आणि आयांना दाखवले. त्यांनी प्रती मागितल्या. मग हिशोब मांडला. साठ हजार, महिना एक टक्का व्याज, वीस हप्ते, दर हप्त्याला मुद्दल तीन हजार. उतरत्या शिलकीवर व्याज होतं सहा हजार तीनशे. एकूण सहासष्ट हजार तीनशेला बाराशेने भागलं तर पंचावन्न दिवस. म्हणजे पंचावन्न दिवसांचं काम असेल तर विकत घेणं परवडतं. आमच्या वहीत मागच्या वर्षी संध्याकाळची कामं होती एकतीस. दोन वर्षांच्या आत फिटते. तुमच्या गावात वर्षाला जत्रा, गणपती, एखादं संमेलन मिळून आठ-दहाच दिवस असतील तर खुशाल भाड्याने आणा, कर्ज काढू नका.

आणि भाड्याचंही जमत नसेल तर झूमचा हट्ट सोडा. ८५ मिलिमीटरची, १.८ ची लेन्स येते. झूम नाही, मागे-पुढे स्वतःच सरकायचं. पण २.८ च्या मानाने जवळजवळ अडीचपट उजेड आत घेते, हलकी असते आणि किंमत कितीतरी कमी. स्टेज आणि जवळून कबड्डी, दोन्हीला चालते. छोट्या गटाने सुरुवात हिच्यापासूनच करावी असं आम्हाला वाटतं. ४ ची झूमही मिळते, पण ती २.८ च्या निम्माच उजेड देते. दिवसाच्या खेळाला ठीक. आमच्या मैदानाला नाही.

आम्ही घेतली ती जुनी, वापरलेली. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, विठ्ठलवाडीहून लोकलने सीएसएमटीला उतरलं की चालत जाता येतं. आपला कॅमेरा बरोबर न्यायचाच, कारण एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर बसत नाही, आणि एकाच कंपनीतही नव्या-जुन्या कॅमेऱ्यांची तोंडं वेगळी असतात. लेन्सच्या एका बाजूने मोबाईलची बॅटरी मारून दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. स्क्रूंवर ओरखडे असतील तर ती कुणीतरी उघडलेली आहे. मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे लेन्स वळवा, २०० वर ठेवा, २.८ उघडा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माणसावर फोकस लावा. दहा फोटो काढा, तिथेच मोठे करून पाहा. दुकानदार घाई करेल, करू द्या. बिलावर लेन्सचा क्रमांक लिहून घ्या, आणि बिल गटाच्या नावाने.

आपल्या कोकणपट्टीच्या पावसात लेन्स कपाटात कपड्यांमध्ये ठेवली तर ती बुरशीला आमंत्रण. आम्ही घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो, पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करतो. तो तवा वेगळा ठेवलाय, स्वयंपाकाला वापरत नाही. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून उजेडात धरायची, काम असो वा नसो. डब्यावर वही बांधलेली आहे. कोणी नेली, कुठे नेली, किती वाजता परत आली, सही. उसनी कुणालाच द्यायची नाही, घरच्या माणसालाही नाही.

चौथा हप्ता परवाच भरला, तीन हजार पाचशे दहा रुपये. फीसाठी जूनमध्ये दोघींनी कर्ज मागितलं, दोघींना मिळालं. येत्या शनिवारी मुलींचे सामने आहेत, आणि लेन्स कोणी न्यायची यावरून चौघींत वाद चालू आहे.