निवृत्तांचे दुपारचे ताट



वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोते मोठ्या विषयाची अपेक्षा धरून येतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात हा पायंडा पाडला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर राज्य, समाज, वाङ्मय आणि अर्थकारण यांचाच ऊहापोह होत आला आहे. अशा जागी उभे राहून आम्ही दुपारच्या जेवणावर बोलणार, हे ऐकून कोणाला हसू आले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु आपल्या अकोटात सायंकाळी चार पेन्शनर एकत्र बसले की राजकारण दहा मिनिटांत आटोपते आणि मग "तुमची साखर किती?" हा विषय निघतो, तो दिवेलागणीपर्यंत पुरतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक प्रौढांना मधुमेह आहे. म्हणजे शंभरात अकराहून अधिक. एवढ्या लोकांच्या डोळ्यांचा, मूत्रपिंडांचा आणि पायांचा प्रश्न ज्या ताटाशी निगडित आहे, त्या ताटाविषयी तासभर बोलणे गैर ठरू नये.

नोकरीत असताना दुपारचे जेवण आपल्या मर्जीवर नव्हते. कचेरी असो, शाळा असो, जिनिंगमधली नोकरी असो, सोबत डबा असे. खालच्या कप्प्यात तीन पोळ्या, वर भाजी, फार तर कांदा किंवा लोणच्याची फोड. जेवणाची सुटी ठरलेली, डब्याचा आकार ठरलेला. डबा संपला की जेवण संपले. तो डबा हे आपले माप होते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी घड्याळ सुटते आणि मापही सुटते. तव्यावरची ऊन भाकर सरळ ताटात येते. "अर्धी घ्या, गरम आहे" असा आग्रह होतो. जेवणानंतर कोठे जावयाचे नसते, म्हणून वामकुक्षी होते आणि ती चार वाजेपर्यंत लांबते. चरकाने प्रमेहाची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत बसून राहण्याचे सुख आणि निजून राहण्याचे सुख यांचा उल्लेख आहे. निवृत्त माणसाला समाज नेमकी हीच दोन सुखे देऊ करतो.

आता ज्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पथ्य धरले, त्यांची तक्रार ऐका. "रोज तेच ते. तीच भाकर, तेच वरण, तीच भाजी. याला काय जगणे म्हणावे?" ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेत नाही. जन्मभर कष्ट केलेल्या माणसाला म्हातारपणी चार घास आवडीचे मिळावेत, ही इच्छा रास्त आहे. तरीही आमचे म्हणणे असे की, या दुखण्यात दुपारच्या जेवणाचा सारखेपणा हे एक उपयोगी साधन आहे. ते नीट वापरावयास मात्र शिकले पाहिजे.

कापसाच्या बाजारात माल तोलण्यापूर्वी काटा शून्यावर आणतात. काटाच हलत असेल तर मालाचे वजन कळावे कसे? आमच्या घरी गेली काही वर्षे दुपारचे जेवण बारा वाजता होते. ताटात दीड भाकर, वाटीभर तुरीचे किंवा मुगाचे घट्ट वरण, दोन वाट्या भाजी, कांदा-काकडीची कोशिंबीर आणि पेलाभर ताक. आठवड्यातून एकदा जेवणानंतर दोन तासांनी बोटातून थेंबभर रक्त काढून आम्ही साखर पाहतो आणि वहीत मांडतो. ताट तेच असल्यामुळे आकडाही बहुधा एका टप्प्यात राहतो. एखादे दिवशी तो साठ-सत्तरने वर गेला तर दोष ताटाचा नाही, हे उघड होते. मग रात्री झोप झाली नव्हती काय, अंगात कसर आहे काय, पायाला जखम आहे काय, सकाळची गोळी राहिली काय, असा शोध घेता येतो. रोज वेगळे आणि वेगळ्या मापाने जेवणाऱ्याला तो आकडा काहीच सांगत नाही. तो यंत्राला दोष देतो आणि यंत्र कपाटात ठेवून देतो.

सारखेपणाचा हा विचार नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत फॉन नोर्डेन नावाचे वैद्य मधुमेह्यांना काही दिवस केवळ ओटची पेज देत. अमेरिकेत ॲलन यांनी तर रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवण्याची रीत रूढ केली. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिनची पहिली सुई टोचली गेली आणि त्या कठोर उपासमारीतून जग सुटले. आपल्या हाती आज औषधे आहेत. म्हणून आपल्या ताटाचा सारखेपणा शिक्षेसारखा असण्याचे कारण उरलेले नाही.

येथे आपल्या वऱ्हाडातला एक लाडका समज तपासावा लागेल. "आम्ही पोळी सोडली, भाकर धरली, आता साखरेची काळजी नाही," असे पुष्कळ जण सांगतात. ज्वारीविषयी आम्हांला प्रेम आहे. शेगावच्या प्रसादाचा मान जिला मिळाला, त्या भाकरीची निंदा आम्ही कशाला करू? पण हिशेब हा हिशेब. शंभर ग्रॅम ज्वारीत सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते. गव्हाच्या पिठातही जवळपास तितकेच. ज्वारीत चोथा चांगला आहे, ती पोटात धीमेपणाने पचते, हा तिचा गुण खरा. परंतु वऱ्हाडी हाताच्या एका मोठ्या भाकरीला किती पीठ लागते, ते एकदा घरी तोलून पाहा. ऐंशी ग्रॅम भरले तर एका भाकरीत पंचावन्न ग्रॅमच्या घरात पिष्ट झाले. पोळ्या दोन होत्या त्या जागी भाकरी तीन झाल्या, तर धान्य बदलूनही पदरात काय पडले? २०२५ साली याच संशोधन परिषदेच्या पाहणीतून भारतीयांच्या आहाराचा जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यानुसार आपल्या अन्नातील उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्ट-शर्करेतून येतात. केवळ पांढऱ्या तांदळाऐवजी गहू वा ज्वारी-बाजरीचे पीठ घेऊन धोका घटत नाही. पिष्टाचा थोडा भाग काढून त्या जागी डाळ, दूध-दही यांसारखी प्रथिने आली तर घटतो, असेही त्यात दिसून आले.

म्हणून भाकर मोजकी आणि वरण घट्ट, असा आमचा नेम आहे. म्हातारपणी स्नायू झिजतात. पातळ वरणाच्या पाण्याने ते भरून निघत नाहीत. दुसरा नेम जेवण्याच्या क्रमाचा. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली मधुमेह्यांच्या एका लहान गटावर प्रयोग झाला. तेच अन्न, पण भाजी व प्रथिने आधी आणि पाव मागाहून खाल्ला, तेव्हा जेवणानंतरची साखर कमी चढली. आपण कोशिंबीर, भाजी आणि अर्धे वरण आधी संपवून मग भाकरीला हात लावावा. याला पैसा लागत नाही. आणि जेवणानंतर लगेच आडवे न होता पंधरा मिनिटे चालावे. अकोटच्या वैशाखात दुपारी बाहेर पडू नये. घरातल्या घरात, ओसरीवर फेऱ्या घालाव्यात.

सारखेपणात दोषही आहे. वर्षभर एकच भाजी खाल्ली तर अंगाला लागणारे कितीतरी घटक मिळत नाहीत आणि मन विटते. आम्ही माप ठरवले आहे, भाजी ठरवलेली नाही. उन्हाळ्यात चिवळ, पावसाळ्यात तरोटा, पुढे अंबाडी, हिवाळ्यात मेथी आणि भरताची वांगी. कधी वरणाऐवजी बेसन, कधी मोड आलेली मटकी, कधी जवसाची चटणी. वाटी तीच, आतला जिन्नस ऋतूप्रमाणे.

आंब्याचे दिवस आहेत, तेव्हा रसाचा प्रश्न कोणीतरी विचारीलच. चार फोडी खाव्यात आणि त्या दिवशी भाकर तेवढी कमी करावी. रसाची वाटी, वर पोळ्या आणि शेवया, हे मात्र जमणार नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडीही उपासाच्या नावाखाली जवळजवळ निव्वळ पिष्टच होय.

जेवण चुकण्यातही संकट आहे. काही गोळ्या आणि इन्शुलिन अशी आहेत की, ती घेतल्यावर जेवणास उशीर झाला तर साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. लग्नाच्या मांडवात मुहूर्त लांबतो, पंगत तीन वाजता बसते, आणि कोपऱ्यात बसलेला म्हातारा पेंगतो आहे असे लोकांना वाटते. तो शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना आमची विनंती आहे की, अशा पाहुण्यांना वेळेवर वाढावे आणि गोडाचा आग्रह करू नये. आग्रह न करणे हेच त्यांचे आदरातिथ्य होय.

शेवटी निवृत्त बंधूंना एक गोष्ट सांगावयाची आहे. आपण अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त झालो. आपले ताट वाढणारी मात्र निवृत्त झाली नाही. तिचेही गुडघे दुखतात, तिलाही अनेकदा हेच दुखणे असते आणि ती जेवते सर्वांच्या मागून, अवेळी, उरलेले. पथ्याचे ताट एक असेल तर ते दोघांचे असावे आणि दोघांनी एकाच वेळी बसावे. भाकर थापता आली नाही तरी भाजी निवडता येते, पीठ तोलता येते, वहीत आकडा मांडता येतो. तिच्या नावाचे पान त्या वहीत आहे की नाही, हे घरी गेल्यावर अवश्य पाहावे. नसेल तर उद्याच सुरू करावे.