अग्निबाणाची डागडुजी

दिवाळींत बाटलींत उभा करून सोडलेला बाण वर जातो, फुटतो, आणि त्याची काडी कोणाच्या कौलांवर पडली याची चौकशी कोणी करीत नाहीं. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थी हल्लीं ज्या प्रतिकृति-रॉकेटांच्या नादीं लागले आहेत, त्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. हें रॉकेट वर जाऊन अखंड परत यावें लागतें, आणि परत येतांना कोणाच्या डोक्यावर पडूं नये लागतें.

अशा रॉकेटांच्या मोटरींचा एकंदर जोर न्यूटन-सेकंदांत मोजतात आणि त्यांस इंग्रजी अक्षरांनीं ओळखतात. प्रत्येक पुढच्या अक्षराची मर्यादा मागच्याच्या दुप्पट असते. 'जी' अक्षराची मर्यादा १६० न्यूटन-सेकंद. त्यापुढें 'एच'पासून जीं रॉकेटें येतात त्यांस उच्चशक्तीचीं रॉकेटें म्हणतात. पुरुषभर उंचीचा नळा, प्लायवुडाचे तीन-चार पंख, टोंकाशीं शंकूसारखें मुखाग्र, पोटांत छत्री व ती बांधणारा चिवट दोर, आणि शेपटाशीं मोटर, इतकाच त्याचा संसार. त्याचें वजन दोन-तीन किलो भरतें. एवढें वजन छत्री न उघडतां आकाशांतून खालीं आलें तर काय होईल हें सांगावयास नको.

या प्रांतास रॉकेट अगदींच नवें नाहीं. तासगांवकर परशुरामभाऊ पटवर्धनांनीं १७९०–९१ सालीं धारवाडास वेढा घातला तो टिपूच्या किल्लेदाराविरुद्ध. आणि म्हैसूरकरांचे लोखंडी नळ्यांचे बाण त्या काळीं दक्षिणेंत सर्वांस ठाऊक होते. १७८० सालीं पोल्लिलूर येथें त्याच बाणांनीं इंग्रजांच्या दारूगोळ्याचे गाडे पेटले. पुढें ते बाण विलायतेस गेले, काँग्रीव्हनें त्यांत सुधारणा केली, आणि १८०७ सालीं कोपनहेगन शहरावर ते बरसले. दुसऱ्याची वस्तु उलगडून पाहावी, तिचे दोष हेरावे आणि मग ती सुधारावी, ही विद्या त्यांनीं आपल्याच वस्तूवर गिरविली, हें मनाला थोडें झोंबतें.

तेव्हां मोडलेलें रॉकेट हातीं आलें म्हणजे सरसाची वाटी पुढें ओढण्यापूर्वीं तें कां मोडलें हें पाहावें. मोड स्वतःच बोलत असते. नळ्याच्या वरच्या कडेपासून खालीं सरळ चीर गेली असेल तर ती जमिनीवर आपटून पडलेली नव्हे. छत्री बाहेर पडली त्या क्षणीं रॉकेट फार वेगांत होतें, म्हणून ताणलेल्या दोरानें कागदी नळा करवतीसारखा कापला. याचा अर्थ छत्री फार लवकर किंवा फार उशिरां सुटली. पंख मुळाशीं तडकला असेल तर उतरण्याचा वेग जास्त होता, अथवा खालीं कातळ होता. मुखाग्र आंत घुसून नळ्याच्या पुढच्या भागाचा चुरा झाला असेल तर छत्री निघालीच नाहीं. आणि शेपटाकडे नळा फुगून जळाला असेल तर दोष मोटरीचा आहे. चार मोडींचीं चार कारणें. सर्वांवर एकच लेप लावणारा वैद्य जसा, तसाच सर्वांवर एपॉक्सी फांसणारा विद्यार्थी.

मोठ्या रॉकेटांनाही हाच नियम आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटलेलें 'एस्.एल्.व्ही. ३' हें रॉकेट बंगालच्या उपसागरांत कोसळलें. भारतीय घन इंधनाच्या उभारणींत वसंत गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञाचे परिश्रम होते. परंतु दोष इंधनांत नव्हता. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेंतील एक झडप बंद न झाल्यानें आम्ल गळून गेलें होतें. एवढें कारण हुडकून काढून दूर केलें, आणि १८ जुलै १९८० रोजीं ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेंत पोंचला.

आतां प्रत्यक्ष दुरुस्ती. चिरलेला नळा चिकटपट्टीनें बांधून चालत नाहीं. चीर जेथें संपते त्याच्या थोडा पलीकडे नळा काटकोनांत कापावा, बाहेरचा खराब तुकडा टाकून त्याच मापाचा नवा जोडावा, आणि सांध्याच्या आंतून एक घट्ट बसणारी नळी दोन्ही बाजूंस निदान नळ्याच्या व्यासाइतकी जाईल अशी बसवावी. पृष्ठभाग खरवडून, पुसून, मग एपॉक्सी लावावी. गुळगुळीत जागेवर ती धरत नाहीं. मिरजेच्या सतारमेकरांस हें सांगावें लागणार नाहीं. भोपळा आणि दांडी यांच्या सांध्यावर तारांचा ताण वर्षानुवर्षें पडत असतो, आणि सांधा सरसाच्या जाडीनें टिकत नसून पृष्ठांच्या जुळणीनें टिकतो. तडकलेल्या पंखाच्या फटींत पातळ एपॉक्सी मुरूं द्यावी, सुकल्यावर मुळाशीं दोन्ही बाजूंस गोलसर भर द्यावी. पंख हलत असेल तर काढून नवाच बसवावा. दोर रॉकेटाच्या लांबीच्या तिपटीहून कमी असूं नये. लांब दोरानें धक्का हळू बसतो आणि पुन्हां चीर पडण्याचा संभव कमी होतो.

येथवर नळा पूर्ववत् झाला. पण माणसाचें मन तेवढ्यावर थांबत नाहीं. पंख मोडला तर जाड पंख बसवावा, नळ्यावर फायबर ग्लासचें कापड चढवावें, आणि एवढा बळकट झालाच आहे तर मोटरही एका अक्षरानें वाढवावी, हा मोह प्रत्येकास होतो. खरा धोका येथें आहे.

एक हिशेब मांडून पाहावा. दहा सेंटिमीटर व्यासाचें रॉकेट मोटरीसह २.४ किलो भरतें. त्याचा गुरुत्वमध्य वाऱ्याच्या दाबाच्या मध्याच्या १५ सेंटिमीटर पुढें, म्हणजे दीड व्यास पुढें आहे. हें ठीक आहे. निदान एक व्यास अंतर असावें, तरच रॉकेट नाक वर धरून सरळ जातें. हा दाबाचा मध्य पंखांच्या आकारावरून काढण्याची सोपी रीत नासाचे अभियंते जेम्स बॅरोमन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत बसविली. आतां शेपटाकडे एपॉक्सी, कापड व मोठ्या मोटरीची धातूची नळी मिळून ३०० ग्रॅम वाढले, आणि तें वजन गुरुत्वमध्यापासून ५० सेंटिमीटर मागें आहे. गुरुत्वमध्य साडेपांच सेंटिमीटर मागें सरकला. अंतर साडेनऊवर, म्हणजे एका व्यासाच्या खालीं आलें. डोळ्यांस दिसेल असें कांहींच बिघडलेलें नाहीं, रंगही नवा आहे, आणि तरी हें रॉकेट सुटल्याबरोबर वाटेल तिकडे वळूं शकतें. अंतर पूर्ववत् करण्यासाठीं नव्या गुरुत्वमध्यापासून ८५ सेंटिमीटर पुढें, मुखाग्रांत, सुमारें १९० ग्रॅम वजन घालावें लागेल. एकूण वजन २.९ किलो झालें. मोटरीचा आरंभींचा जोर वजनाच्या पांचपट असावा हा संकेत. तो पूर्वीं ११८ न्यूटनांवर भागत होता, आतां १४२ लागेल. छत्री तीच ठेवली तर उतरतांना भूमीवर बसणारा आघात सुमारें दीडपट होईल. म्हणजे पुन्हां पंख तडकणार, पुन्हां डागडुजी, पुन्हां वजन. या चक्रांतून सुटण्याचा मार्ग एकच: प्रत्येक दुरुस्तीनंतर तराजू हातीं घ्यावा, भरलेल्या मोटरीसह रॉकेट दोरीवर तोलून गुरुत्वमध्य खूण करावा, आणि छत्री वजनाप्रमाणें मोठी करावी.

पंखांची जाडी वाढविणें मात्र बहुधा फायद्याचें ठरतें. पातळ पंख मोठ्या वेगांत फडफडतो आणि तुटतो. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो. तीन मिलिमीटरांचे चार केले तर ताठपणा सव्वादोन पटींहून अधिक होतो, वजन एकतृतीयांशानेंच वाढतें. दुसरी खरी सुधारणा म्हणजे उंचीमापक यंत्र. तें शिखरावर लहान छत्री सोडतें आणि जमीन दीडशें मीटरांवर आली कीं मोठी. त्यानें चीर पडण्याचें मूळ कारण दूर होतें आणि रॉकेट वाऱ्याबरोबर दूर वाहत नाहीं. सांगलीस १९४७ पासून आणि कराडास १९६० पासून अभियांत्रिकीचें शिक्षण मिळत आहे, १९१० पासून किर्लोस्करवाडीची परंपरा आहे. कडी अथवा चकती कातून देणारा कारागीर या दोन जिल्ह्यांत सांपडत नाहीं असें होत नाहीं.

मोटर मात्र घरीं करूं नये. १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आणि २००८ चे नियम यांच्या कक्षेंत ती येते. परवाना, संस्था आणि जाणता मार्गदर्शक यांवाचून त्या वाटेस जाऊं नये. स्वयंपाकघरांत इंधन शिजवून बोटें गमावलेल्यांची उदाहरणें परदेशांत कमी नाहींत. उड्डाणापूर्वीं आकाशमार्गाची संमतिही घ्यावी लागते.

जागेचा प्रश्न शेवटीं उरतो. चाळकेवाडीच्या पठारावर वारा इतका कीं तेथें पवनचक्क्या उभ्या आहेत. रॉकेटास ती जागा नव्हे, कारण रॉकेट वाऱ्याकडे नाक वळवितें. कृष्णा-वारणेच्या कांठीं ऊस. उभ्या उसांत पडलेलें रॉकेट शोधण्यांत दिवस जातो आणि शेतकऱ्याचें नुकसान होतें तें निराळेंच. जतकडील मोकळ्या पडीक रानांत वस्ती विरळ, म्हणून ती जागा त्यांतल्या त्यांत बरी. पण तेथेंही मालकाची परवानगी आणि प्रेक्षकांचें अंतर आधीं ठरवावें. वर्षाच्या आरंभीं ऊसतोड होऊन रानें मोकळीं होतात, तेव्हां बांधावरचें गवत व पाचट वाळलेलें असतें; मांडणीच्या भोंवतालची जागा साफ करावी आणि पाण्याचें पिंप भरून जवळ ठेवावें.