संकटकाळचा पंप

जबलपूरची ओळख नर्मदेच्या घाटांनी आणि भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांनी होते. परंतु हे शहर तितकेच कारखान्यांचेही आहे. १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि १९६९ सालचा लष्करी वाहनांचा कारखाना यांनी येथील जीवनाला वेगळे वळण दिले. जेथे कारखाने, गुदामे आणि रुग्णालये दाटीने वसतात, तेथे आगीचे भय असतेच. १ ऑगस्ट २०२२ रोजी या शहरातील एका खासगी रुग्णालयास लागलेल्या आगीत आठ जणांचे प्राण गेले. अशा प्रसंगी पहिली काही मिनिटे फार मोलाची असतात, आणि पाण्याचा साठा कितीही असला तरी ते दाबाने पोहोचविणारा पंप त्या मिनिटांतच चालू व्हावा लागतो.

याकरिता मोठ्या कारखान्यांत विजेच्या पंपाच्या जोडीला डिझेल एंजिनावर चालणारा पंप ठेवतात. आग लागली की वीज जाते किंवा मुद्दाम तोडावी लागते. अशा वेळी सारी भिस्त एंजिनावर येते.

मराठी माणसाला एंजिन आणि पंप यांची जोडी परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीतून निघालेले पंप विहिरीविहिरीवर पोहोचले. पण शेतकऱ्याचे एंजिन रोज चालते, म्हणून त्याचा दोष त्याच दिवशी उघड होतो. संकटकाळचा पंप मात्र महिनोन्महिने उभा असतो आणि उभ्याउभ्याच बिघडतो. बॅटरी उतरते, डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी साचते, ग्लँडची दोरी वाळते आणि बाहेरून रंग मात्र तसाच चकचकीत राहतो.

म्हणून पहिला नियम असा, की हे एंजिन आठवड्यातून एकदा निदान ३० मिनिटे चालवावे. दोन मिनिटे चालवून बंद करणे हे न चालविण्याहून फारसे बरे नाही; कारण तेवढ्यात तेल तापत नाही, जळणातून निर्माण झालेली वाफ आत थंडावते आणि तिचे पाणी तेलात मिसळते. बॅटरीची परीक्षाही चार्जर काढूनच घ्यावी. चार्जर जोडलेला असताना निकामी बॅटरीसुद्धा पूर्ण दाब दाखविते; तिचे खरे बळ एंजिन फिरविताना कळते. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ विडीकाडी नेऊ नये.

पंपाच्या पोटात पाणी भरलेले असल्याशिवाय एंजिन चालू करू नये. हवेने भरलेला पंप पाणी ओढू शकत नाही, कारण हवा पाण्याहून सुमारे आठशे पट हलकी असते. हौद पंपाच्या पातळीहून खाली असेल, तर आणखी एक मर्यादा येते. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाण्याला तत्त्वतः सुमारे १०.३ मीटर वर चढवितो. जबलपूर सुमारे ४०० मीटर उंचीवर असल्याने येथे त्यातून जवळजवळ अर्धा मीटर वजा होतो. नळातील घर्षण आणि उन्हाळ्यात तापलेले पाणी हे आकडे आणखी खाली आणतात. प्रत्यक्षात पाच-सहा मीटरपलीकडे भरवसा ठेवू नये आणि फूट व्हॉल्व्ह गळत नाही ना, हे वारंवार पाहावे.

ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी ठिबकत असेल तर ते दोषाचे नव्हे, आरोग्याचे लक्षण होय. त्या पाण्याने दोरी थंड राहते. गळती थांबविण्याच्या उत्साहात ग्लँड करकचून आवळली, की दांड्याला चरे पडतात. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप फार वेळ चालवू नये. आतले पाणी घुसळून तापते.

माणसाच्या जिवाची काळजी याहून मोठी. एंजिनाच्या धुरातील विषारी वायूला रंग नसतो आणि वासही नसतो; म्हणून धुराडे पंपघराबाहेर काढलेलेच असावे. कपलिंगवरील जाळी काढून एंजिन कदापि चालवू नये. गळ्यातला गमछा किंवा सैल बाही त्यात गुंतण्यास निमिषही लागत नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. थांबविण्यापूर्वी एंजिन काही मिनिटे भाराविना चालू द्यावे.

अखेरची गोष्ट नोंदवहीची. तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, एंजिनाची गती, पंपाचा दाब आणि टाकीतील डिझेल हे आकडे चालू एंजिनाजवळ उभे राहून लिहावेत. एका दिवसाचा आकडा फारसे सांगत नाही. पण दर आठवड्यास थोडाथोडा उतरणारा दाब येणाऱ्या बिघाडाची आगाऊ सूचना देतो. सर्व रकान्यांत तोच तो आकडा दिसला, तर वही घरबसल्या भरली जात आहे असे समजावे.

तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने रंगरंगोटी पाहून परतू नये. एखाद्या रविवारी, पूर्वसूचना न देता, पंपघराची किल्ली कोणाकडे आहे हे विचारावे, विजेचा पंप बंद करावयास सांगावा आणि नळाच्या तोंडाशी पाणी येईपर्यंत घड्याळ हातात धरून उभे राहावे.