खिशाची झडती

आपल्याकडे भांडणात एक हुकमी वाक्य असतं, 'मला सांगणारा तू कोण?' एकदा ते टाकलं की समोरचा काय सांगतोय, हे ऐकायची गरजच उरत नाही. गल्लीत हे चालतं. पण अमेरिकेत २००५ साली एका राजकारण्याने ते सरकारी पत्रात घातलं.

त्याआधी मायकेल मान, रेमंड ब्रॅडली आणि माल्कम ह्यूज या शास्त्रज्ञांनी झाडांच्या खोडांतली वर्तुळं, प्रवाळ, बर्फाचे जुने थर तपासून उत्तर गोलार्धाच्या गेल्या हजार वर्षांच्या तापमानाचा आलेख काढला होता. त्यांचे लेख १९९८ आणि १९९९ मधले. नऊशे वर्षं रेघ जवळजवळ आडवी, किंचित उतरती. विसाव्या शतकात मात्र एकदम वर. हॉकीच्या काठीसारखी, म्हणून नावही तेच पडलं.

कॅनडातल्या दोन अभ्यासकांनी त्यातल्या गणितावर आक्षेप घेतले. हे रास्तच. गणिताला गणिताने उत्तर द्यावं. पण प्रतिनिधिगृहाच्या ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्ष जो बार्टन यांनी २३ जून २००५ रोजी तिघांना पत्रं धाडली. सगळी आकडेवारी द्या, आणि संशोधनासाठी आजवर कुणाकडून किती पैसे घेतले तेही कळवा! बार्टन टेक्सासचे, म्हणजे तेलाच्या मुलखातले. पण तेवढ्यावरून त्यांची शंका खोटी म्हणालो, तर मीही तेच करतोय.

मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. कविता वाचून झाली की 'घरी कोणती भाषा बोलता?' असं विचारणारे भेटतात. अहो, ओळ फसली असेल तर तसं सांगा की! ओळ दुरुस्त करता येते. माझं नाव कसं दुरुस्त करू?

बार्टन यांच्याच पक्षाचे आणि विज्ञान समितीचे अध्यक्ष असलेले शेरवुड बोहलर्ट यांनी मात्र त्यांना लेखी सुनावलं : तुमचा हेतू शास्त्रज्ञांकडून शिकण्याचा नाही, त्यांना धाक घालण्याचा दिसतो. आपल्या पक्षाच्या माणसाला असं लिहायला धाडस लागतं. मग बोहलर्ट यांच्या विनंतीवरून राष्ट्रीय विज्ञान अकादमीने समिती नेमली. जून २००६ च्या तिच्या अहवालात गणिती पद्धतीतल्या उणिवा मान्य केल्या आहेत. गेल्या चारशे वर्षांबद्दल समितीला भक्कम खात्री वाटली, १६०० च्या आधीच्या काळाबद्दल कमी. आणि हजार वर्षांबद्दलचा मूळ निष्कर्ष संभवनीय वाटला. शंकेला तिचं खरं माप मिळालं.

पुढच्याच महिन्यात बार्टन यांच्या समितीपुढे दुसरा अहवाल आला. त्यात गणितावरच्या टीकेबरोबर मान कुणाकुणासोबत लेख लिहितात, याचंही जाळं काढून दाखवलं होतं. पृथ्वीचं तापमान त्या जाळ्यातून कळण्यासारखं नव्हतं. नंतरच्या वर्षांत इतर संशोधकांनी वेगळ्या पद्धतींनी असे आलेख काढले. विसाव्या शतकातली ती चढण त्यांतही आहे.