तीन मजली रेल्वे आणि करंटचा हिशोब
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

पुढच्या वर्षीच्या देखाव्यासाठी आपल्या मुलांनी तीन मजली छोटी रेल्वे करायचं ठरवलं आहे. खाली स्टेशन, मध्ये जंगल, वर घाट. आपल्या नेरडीगोंड्याला रेल्वे नाही, गाडी धरायला आदिलाबादला जावं लागतं, म्हणून मंडपात तरी रेल्वे यावी, ही त्यांची हौस. निर्मलची लाकडी खेळणी प्लॅटफॉर्मवर उभी करायची कल्पनाही छान आहे. मी विजेचा डिप्लोमा केलेला सरकारी नोकर, म्हणून वायरिंगबद्दल बोलायचं काम माझ्याकडे आलं.

अशी हौस काही नवी नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुलं आहे. पुण्याला गेलात तर मुलांना जरूर दाखवा. गाड्या, सिग्नल, पूल सगळं टेबलावर दिसतं. पण अशी गाडी धावते ती टेबलाखालच्या तारांवर, आणि त्या तारांचा नकाशा रूळ ठोकायच्या आधी कागदावर हवा.

आधी लोड काढू. या मापाचं इंजिन १२ व्होल्ट डी.सी.वर साधारण अर्धा ते एक ॲम्पिअर घेतं, चढावर जास्त. एका मजल्यावर दोन गाड्या धरल्या तर ३ ॲम्पिअर पुरेत. म्हणजे ३६ वॅट. तीन मजले १०८ वॅट, दिवे आणि सांधे बदलणाऱ्या मोटरी धरूनही दोनशेच्या आत. तीन पंख्यांएवढंच.

मग काळजी कसली? तारेची. अर्ध्या स्क्वेअरची बारीक वायर दहा मीटर नेली, तर जाऊन-येऊन वीस मीटर होते. ३ ॲम्पिअरला तिच्यातच सुमारे २.३ व्होल्ट खर्च होतात. बारापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा वाटेतच गेला! गाडी नेमकी घाटात दमेल. तीच वायर अडीच स्क्वेअरची घेतली तर अर्धाच व्होल्ट जातो. म्हणून प्रत्येक मजल्याखाली जाड मेन जोडी फिरवायची आणि दर मीटर-दीड मीटरवर तिच्यातून बारीक वायर वर काढून रुळाला सोल्डर करायची. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबू नका, त्या आज करंट देतात आणि उद्या देत नाहीत.

खऱ्या रेल्वेलाही हाच प्रश्न पडला होता. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्ही.टी. ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डी.सी.वर. पुढे देशात २५ हजार व्होल्ट ए.सी. पद्धत आली. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच कामाला ॲम्पिअर कमी लागतात आणि तारेतली गळती घटते. आपल्या रुळांवर मुलांची बोटं असणार, म्हणून व्होल्टेज वाढवता येत नाही. आपण तार जाड करायची.

आता सर्वांत महत्त्वाचं. तिन्ही मजल्यांना मिळून १० ॲम्पिअरचा एकच सप्लाय घेऊ नका. डबा घसरून दोन रूळ जोडले गेले आणि ढिल्या जोडातून ८ ॲम्पिअर वाहत राहिले, तर त्या सप्लायला काही बिघडलंय असं वाटणारच नाही. जोड मात्र तापत राहील, आणि शेजारी थर्मोकोल, कापड, लाकडी बाहुल्या. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण आग लागू शकते. म्हणून प्रत्येक मजल्याला ३ ॲम्पिअरचा, शॉर्ट झाला की बंद पडणारा वेगळा सप्लाय घ्या. घाटाची गोल चढण चौथी धरा. दिवे आणि सांधे यांची लाइन निराळी. मजला संपतो तिथे दोन्ही रूळ तोडून फट ठेवा. मात्र फटीच्या दोन्ही बाजूंचा प्लस-मायनस सारखा हवा, नाहीतर गाडी ओलांडतानाच शॉर्ट होईल.

मग नाण्याची परीक्षा. सप्लायपासून सर्वांत दूरच्या जागी दोन रुळांवर रुपया ठेवा. त्या मजल्याचा सप्लाय लगेच बंद पडला आणि बाकीचे मजले चालू राहिले, तर पास. प्रत्येक मजल्यावर चार-पाच ठिकाणी हे करा.

२३० व्होल्टची वायर टेबलावर अजिबात येता कामा नये. सप्लायची पेटी बाजूला, हवेशीर आणि मुलांच्या हाताबाहेर. मंडपात ओल असते, तेव्हा ३० मिलिॲम्पिअरचा आर.सी.सी.बी. आणि चांगलं अर्थिंग हवंच. मोठा माणूस उठला की मेन बंद, हा नियम ठेवा.

शेवटचं, विसर्जनानंतर हे सगळं उतरवायचं आहे. मजल्यांमध्ये प्लग-सॉकेट ठेवा, प्रत्येक वायरीला नंबर द्या, रंग ठरवून घ्या आणि नकाशाची एक प्रत पेटीच्या झाकणात चिकटवा. आज वायरी जोडणारी मुलं उद्या शिकायला हैदराबाद-नांदेडला जातील. तेव्हा लहान भावंडांना कुणालाही फोन न करता ही गाडी सुरू करता आली, तर देखावा मंडळाचा झाला असं म्हणता येईल.

तेव्हा मुलांनो, रूळ नंतर आणा. आधी एक मोठा कागद आणि पेन्सिल घेऊन बसा. मी येतोच.