फळीवरची फ्रेंच आगगाडी

खेळण्यांतील आगगाडी सर्वांच्या परिचयाची आहे. चावी दिली, कीं ती गोल फिरूं लागते आणि चावी उतरली, कीं थांबते. परंतु खरी आगगाडी मोजून मापून लहान करणें, आणि तिचे रूळ, स्थानक, सिग्नल व इंजिनघर यांसह ती एका फळीवर उभी करणें हें काम अगदीं निराळें. त्यास गणित लागतें, भूगोल लागतो, इतिहासही लागतो. आणि अंगीं चिकाटी नसेल, तर या तिहींचाही उपयोग होत नाहीं. पुण्यास कोथरूडमध्यें भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं खुलें झालें. तें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस हें वेगळें सांगावयास नको.

मुलुंडचा किंवा घाटकोपरचा गृहस्थ हा नाद धरतो, तेव्हां त्याला प्रथम आपल्याच दारावरून जाणारी गाडी करावीशी वाटते. तें स्वाभाविकच आहे. कारण १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली उतारूंची गाडी याच भूमीवरून धांवली. परंतु येथें गणित आडवें येतें. जगांत सर्वांत प्रचलित असें प्रमाण एकास सत्त्याऐंशी हें आहे, आणि त्यासाठीं तयार मिळणाऱ्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असतें. त्यास ८७ नें गुणिलें, कीं फ्रान्सच्या मुख्य मार्गांची १,४३५ मिलिमीटर ही रुंदी जवळजवळ तंतोतंत येते. आपला रुंद मार्ग १,६७६ मिलिमीटरांचा. त्यास १९ मिलिमीटरांहून थोडें अधिक अंतर हवें. म्हणजे तयार रुळांवर आपली गाडी खोटी ठरते आणि फ्रेंच गाडी खरी ठरते.

दुसरी अडचण जागेची. अंधेरी ते बोरिवली हें अंतर सुमारें १२ किलोमीटर आहे. तेवढें या प्रमाणांत करूं म्हटलें, तरी जवळजवळ १४० मीटर लांबीची फळी लागेल! उपनगरांतील कोणत्या घरांत ती मावावी? म्हणून सबंध मार्गाचा मोह सोडून एकच स्थानक निवडावें. भिंतीलगत तीन मीटरांची फळी बसली, तर तिच्यावर २६१ मीटर भूमि मावते. शाखामार्गाच्या टोकाचें एखादें लहान फ्रेंच स्थानक तेवढ्यांत सुखानें बसतें.

अशा स्थानकांत करण्यासारखें काय असतें, असें कोणी विचारील. आपल्या लोकल गाडीच्या दोन्ही टोकांस चालकाची खोली असते. चालक या टोकाचा त्या टोकास गेला, कीं गाडी परत फिरते. चर्चगेट-बोरिवली मार्गावर ही सोय १९२८ पासून, विजेबरोबर आली. वाफेच्या इंजिनाचें तसें नाहीं. गाडी आली, कीं इंजिन सोडवावें लागतें, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकास आणावें लागतें, टर्नटेबलावर वळवावें लागतें. त्यास पाणी हवें, कोळसा हवा. त्याची राख काढावयास हवी. हीं सर्व कामें जेथें दाखविलीं नाहींत, तेथें इंजिन कितीही सुबक असलें, तरी तें खेळणेंच होय.

फ्रेंच इंजिनांत अभ्यासण्यासारखें पुष्कळ आहे. कोळसा महाग, म्हणून तेथील कारागिरांनीं काटकसरीची कला वाढविली. एकदां लहान सिलिंडरांत वापरलेली वाफ पुन्हां मोठ्या सिलिंडरांत घेऊन तिच्याकडून दुप्पट चाकरी करून घ्यावयाची, ही संयुक्त इंजिनाची युक्ति त्यांनीं पूर्णत्वास नेली. आपल्या नागपूरला येणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वेनेंही द ग्लेन यांच्या फ्रेंच पद्धतीचीं अशीं इंजिनें वापरलीं होतीं. आंद्रे शापलाँ यांनीं १९२९ सालीं एका जुन्या इंजिनाचे वाफेचे मार्ग रुंद केले, त्यास दुहेरी धुराडें बसविलें आणि त्याची शक्ति दीडपटीहून अधिक वाढविली. पुढें महायुद्धानें फ्रान्सची रेल्वे मोडून टाकली, तेव्हां १४१-आर जातीचीं १,३४० इंजिनें अमेरिका व कॅनडा येथें करविण्यांत आलीं. त्यांतील १६ इंजिनें १९४७ सालीं जहाजासह अटलांटिक महासागरांत बुडालीं.

म्हणून आधीं साल ठरवावें आणि मग इंजिन घ्यावें. १९३५ सालच्या स्थानकांत १४१-आर उभें करणें म्हणजे शिवाजी महाराजांच्या मनगटावर घड्याळ बांधणें होय. तसेंच पॅरिस-लियाँ मार्गाचें विद्युतीकरण १९५२ सालीं पुरें झालें. त्यानंतरचें साल निवडणाऱ्यानें त्या मार्गावर विजेच्या तारा विसरूं नयेत.

वस्तु लहान, म्हणून तींतील असत्यही लहान, असें समजूं नये. फळीवरची एक मिलिमीटरची चूक भूमीवर ८७ मिलिमीटरांची होते. भारताच्या रुंद मार्गांवरील वाफेची नित्याची वाहतूक १९९५ सालीं संपली; टर्नटेबलावर वळणारें इंजिन आजच्या मुलांनीं पाहिलेलें नाहीं, आणि भट्टींत कोळसा टाकणारे हातही आतां थकले आहेत. फ्रेंच गाडीवर हात बसला, कीं उपनगरांतील एखाद्या चिकाटीच्या गृहस्थानें तयार रूळ बाजूस ठेवावे, १९ मिलिमीटरांहून किंचित् अधिक अंतराचे रूळ स्वहस्तें घालावे, आणि बोरीबंदर-ठाणे मार्गावरची आपली गाडी तिच्या खऱ्या रुंदीवर उभी करावी. फ्रेंच गाडीपासून शिकावयाचें तें हेंच.